लॉनमधली पाथरी

आमच्या घरात पाथरीवरून जेवढी भांडणं झाली तेवढी जावयांच्या मानपानावरूनही झाली नसतील. ज्यांना पाथरी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जमिनीला चिकटून पसरणारं, कातरल्यासारख्या पानांचं हे एक तण आहे. बांधावर, दगडधोंड्यांत, रुळांच्या कडेला, म्हणजे जिथे कोणी बोलावलं नाही नेमकं तिथे ते येतं. पान तोडलं की पांढरा चीक निघतो. सकाळी पिवळी फुलं उमलतात, दुपारी मिटतात, आणि मग त्यांचा कापूस होऊन वाऱ्यावर उडून जातो. माझी नात परदेशात असते. तिने मागे फोनवर तिथल्या अंगणाचा फोटो पाठवला. 'आजी, याला डँडेलियन म्हणतात, इथे सगळे वैतागलेत याला.' मी म्हटलं, अवं माय, ही तर आमच्या पाथरीची बहीण! तिथे म्हणे एका दुकानात ते मारायचं औषध मिळतं आणि दुसऱ्या दुकानात त्याच्याच पानांचा चहा. मला हसूच आलं. आमच्याकडे ही दोन्ही दुकानं एकाच छपराखाली होती. एक बाबांचं आणि एक मायचं.

छत्तीसगढ़ात, दुर्गजवळच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत, यार्डाच्या बाजूच्या ओळीत आमचं शेवटचं क्वार्टर होतं. बाबा यार्डात शंटिंगमास्तर होते. मालगाडीचे डबे तोडायचे, जोडायचे, कुठला डबा कुठल्या लाइनीत ढकलायचा ते झेंडीने ड्रायव्हरला सांगायचं, हे त्यांचं काम. दिवसभर डबे एकमेकांवर आदळायचे आणि आमच्या मांडणीवरच्या ताटल्या त्याला साथ द्यायच्या. नागपूरकडून पाहुणे आले की पहिले दोन दिवस दचकायचे. आम्ही दचकायचो ते आवाज बंद झाला की. आवाज बंद म्हणजे काहीतरी झालं. मग ओळीतल्या सगळ्या बाया हातातलं काम टाकून दारात यायच्या आणि यार्डाकडे बघत उभ्या राहायच्या. पुन्हा धडाड् झालं की आपापल्या चुलीकडे जायच्या. आज मी ज्या घरात राहते तिथे इतकी शांतता आहे की मला दुपारची झोप लागत नाही, आणि हे मी सुनेला सांगितलं तर ती मला डॉक्टरकडे नेईल.

माय हिंगणघाटाकडच्या खेड्यातली. तिला जमिनीवर उगवलेलं काहीही वाया गेलेलं खपायचं नाही. क्वार्टरच्या मागे तिचे टमाटे, वांगी, वाल वगैरे होतेच, पण तिचा जीव होता न लावलेल्या भाज्यांवर. पावसाळ्यात तरोटा, नंतर चिवळ, आणि थंडी पडायला लागली की पाथरी. लुगड्याच्या ओट्यात तोडून आणायची, दोन पाण्यांनी धुवायची, आणि गरम पिठलं, ज्वारीची भाकर यांच्यासोबत कच्चीच पानं ताटात वाढायची. किंचित कडू, किंचित कचकच. जून झाली तर मुगाची डाळ घालून शिजवायची, वरून लसणाची फोडणी. मी आणि माझी मोठी बहीण, शकुनताई, त्या फोडणीसाठी भांडायचो. बाबा मात्र पाथरीला बोट लावायचे नाहीत. माय हमखास वाढायचीच, आणि ते हमखास म्हणायचे, "मले कावून ढोरासारखं चारून राहिली?" मग माय त्यांच्या ताटातली पानं उचलून आमच्या ताटात टाकायची आणि म्हणायची, "बरं बापा, तुमी साहेब झाले."

साहेब ते झाले नव्हते, पण साहेबांच्या बंगल्यासमोरचं लॉन त्यांनी पाहिलं होतं. दर हिवाळ्यात आमच्याकडे मोठं इन्स्पेक्शन व्हायचं. महिनाभर आधीपासून सगळी कॉलनी चुना आणि गेरू यांनी न्हाऊन निघायची. झाडांची खोडं, वाफ्यांच्या तिरप्या विटा, नळाचा ओटा, नालीचे काठ, सगळ्यांना चुना. त्या दिवशी साहेब क्वार्टरांसमोरच्या बागाही बघायचे आणि सगळ्यांत सुंदर बागेला शील्ड द्यायचे. बाबांनी त्या वर्षी मनावर घेतलं. कुठून तरी हरळीच्या मुळ्या पोत्यात भरून आणल्या, समोरची जमीन चाळणीने चाळल्यासारखी केली, आणि ओळी पाडून हरळी लावली. ड्यूटीवरून आले की अंगातला खाकी शर्ट न काढता पहिले पाणी घालायचे. मायशी ते दिवसभरात जेवढं बोलत नसतील तेवढं त्या गवताशी बोलायचे. आणि गवत वाढलंही हो. हिरवंगार, गुडघे टेकावेसे वाटावेत असं. आणि त्याच्यासोबत, अर्थातच, पाथरी.

ती उपटायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची, घरातली धाकटी, सगळे मला बेबी म्हणायचे. अजूनही म्हणतात, सत्तरी उलटली तरी. सकाळी शाळेच्या आधी खुरपी घेऊन मी लॉनवर आणि बाबा पायरीवर चहा पीत. "मूळ पुरं निंगालं पायजे, बेबे. तुटलं तं फिरून येते." मूळ पुरं कधीच निघायचं नाही. खाली बोटभर जायचं आणि मग कट्कन तुटायचं. आठ दिवसांनी त्याच जागी तीच बया, पिवळं फूल घालून, हजर. मला तिचा इतका राग यायचा की मी तिच्याशी भांडायची. आमच्याकडे दूध घालणारी फुलबाई छत्तीसगढ़ी होती, ती कुंपणाशी उभी राहून बघायची. उपटलेला ढीग मी राखेच्या उकिरड्यावर टाकायला निघाले की म्हणायची, "काबर फेंकत हस नोनी? मोर गाय ला दे दे. येला खाथे त दूध बाढ़थे." पाथरी खाल्ली की तिची गाय म्हणे जास्त दूध द्यायची, म्हणून ती ढीग पदरात बांधून घेऊन जायची. मी मनात म्हणायची, घेऊन जा बाई, सगळीच्या सगळी घेऊन जा.

आता जो शहाणपणा मी केला तो सांगते. आजवर तो मी दोनच माणसांना सांगितला आहे, आणि दुसऱ्याला तर मागच्याच हिवाळ्यात. इन्स्पेक्शनसाठी आमच्या ओळीला कळीच्या चुन्याचं पिंप आलं होतं. ते खडे पाण्यात पडले की कसे फसफसतात, वाफा येतात, पिंपाला हात लावता येत नाही, ते मी बघितलं होतं. माझ्या डोक्यात आलं, मूळ तुटतं तर तुटू दे, भोकात चुन्याचा खडा घालायचा आणि वरून पाणी. बघू कशी फुटते. बाबा ड्यूटीवर, माय मागे वांग्यांत, अशी वेळ साधून मी चार दिवसांत समोरचं सगळं लॉन केलं, आणि हात लागलाच आहे म्हणून बाजूची पट्टी, आणि मग मागचं कुंपणही. प्रत्येक भोकातून चर्र आवाज यायचा. माझी दोन बोटं भाजली, ती मी गुळाच्या पाकाचा चटका म्हणून सांगितली. पाथरी पुन्हा दिसली नाही. बाबांनी पायरीवरून लॉन बघितलं आणि मला जवळ घेऊन म्हणाले, "माह्यी पोट्टी कोन्या माळ्याले आयकत नाई!" मी दिवसभर हवेत. खरं सांगायचं तर त्याआधी बाबांनी मला असं जवळ घेतलेलं मला आठवत नव्हतं.

त्याच दिवसांत शकुनताई बाळंतपणासाठी आली. मुलगा झाला, पण अंगाने अगदी काडी. पाचव्या दिवशी दवाखान्यातून घरी आणला तेव्हा तो रडायचाही दमून दमून. आणि ताईला दूध येईना. मायने काय केलं नाही! अहळिवाची खीर, डिंकाचे लाडू, खसखस, शेपू, बाजरीची भाकर. ताई मान खाली घालून सगळं खायची. डब्याचं दूध दिलं तर लेकरू उलटून टाकायचं. दवाखान्यातली नर्स येऊन वजन करून गेली. तिने मायला बाजूला घेऊन सांगितलं, पाजायचं सोडू नका, पण आठ दिवसांत वजन वाढलं नाही तर दुर्गच्या मोठ्या दवाखान्यात भरती करावं लागेल, आणि एवढ्याशा लेकराचं पुढे काही सांगता येत नाही. माय हे हळूच ऐकून आली, पण भिंत ती केवढीशी, ताईने सगळं ऐकलं. ती रडली नाही. लेकराच्या पायाची बोटं एकेक करून चोळत राहिली आणि मला म्हणाली, "बेबे, माह्यंच काईतरी चुकून राहिलं असंन का वो?" मी उठून पाणी आणायला गेले.

मग माय म्हणाली, "पाथरी पायजे." तिच्या माहेरी बाळंतिणीला पाथरीच देतात. तिच्या आईला दिली, तिला दिली. टोपली घेऊन ती समोर गेली, बाजूला गेली, मागे जाऊन आली. टोपली रिकामी. मला वाटलं आता ओरडेल, पण ती हसली. "तुमी बापलेकीनं तं पुरी साफ करून टाकली. असू दे. लय चिवट जात हाये. चार दिवसांत फुटन." मी भाजलेली बोटं मुठीत लपवली. शेजारीपाजारी जावं तर इन्स्पेक्शनपायी सगळ्या ओळींनी जमिनी खरवडून काढलेल्या, नाल्यांचे काठसुद्धा तासलेले. फुलबाईला विचारावं तर ती छेरछेऱ्याच्या सणाला गावी गेलेली. पावर हाउस नावाच्या भागातल्या बाजारात लाल भाजी मिळते, चेच मिळते, मेथीचे तर ढीग, पण पाथरी कोण विकायला आणणार? विकायची भाजीच नाही ती. माय रोज सकाळी उठून पहिले लॉनवर जायची, वाकून बघायची, आणि म्हणायची, "उद्या येईन." चार सकाळी. मी खिडकीतून बघायची आणि मला माहीत होतं की ती येणार नाही. मी बोलायला हवं होतं, पण बोलले नाही. भ्याले. बारा-तेराव्या वर्षी माणूस किती भित्रं आणि किती स्वार्थी असतं हे मला त्या चार दिवसांइतकं पुन्हा कधी दिसलं नाही.

पाचव्या दिवशी मी शाळेत न जाता यार्डात गेले. आमच्या घरात नियम म्हणून एकच होता, यार्डात पाय ठेवायचा नाही. बाबांनी दोन माणसं स्वतःच्या डोळ्यांसमोर दोन डब्यांच्या बफरांमध्ये चिरडलेली पाहिली होती, त्यामुळे तो नियम सांगताना त्यांचा आवाजच बदलायचा. पण कुंपणाच्या तारेतून मला दिसत होतं, नादुरुस्त डबे उभे करायच्या लाइनीत, गिट्टीच्या मधोमध, पिवळी फुलं. तारेखालून घुसताना फ्रॉक फाटला. दोन उभ्या डब्यांमध्ये चांगली मोठी जागा होती, तिथे रुळांच्या मधोमध पाथरी अशी माजली होती की मी खाली बसून दोन्ही हातांनी ओरबाडायला लागले. फ्रॉकचा ओटा केला. मला एवढंच माहीत होतं की डबे येतात तेव्हा आवाज होतो. आदळतात तेव्हा होतो, हे कळलं नव्हतं. हळू ढकलत आणलेले डबे येताना काहीच आवाज करत नाहीत.

मग शिट्टी वाजली. इंजिनाची नाही, तोंडातली. मी मान वर केली तर लांब, लाइनीच्या कडेला, बाबा. झेंडी कुठे पडली होती कोणास ठाऊक, त्यांनी दोन्ही हात डोक्यावर ताठ उभे केले होते आणि शिट्टी वाजवत वाजवत ते माझ्याकडे पळत होते, हात खाली न घेता. हात असे वर म्हणजे थांब, हे मला ठाऊक होतं, पण ते मला नव्हतं, ड्रायव्हरला होतं. माझ्या पाठीमागचा डबा हातभर सरकून थांबला. मग सगळ्या यार्डात आवाज बंद झाला. मायने नंतर सांगितलं, ती पिठाचे हात घेऊन दारात आली होती.

मला वाटलं आता कानाखाली बसणार. बाबांनी मला दंडाला धरून रुळांबाहेर काढलं, लाइनीपासून दूर नेलं, आणि मग ते स्वतःच मटकन खाली बसले. ड्रायव्हर तिकडून ओरडला, "क्या हुआ मास्टरजी?" त्यांनी मान न वळवता हात हलवला. "कुछ नहीं भाई, बच्ची है."

"कोनी पाठवलं तुले?"

"कोनी नाई."

"मंग इथं मराले कावून आली तू? आं? कावून आली?"

मी ओटा उघडून दाखवला. आणि मग सगळं भडाभडा बाहेर आलं. "बाबा, ते आता कधीच नाई फुटत. माय रोज पाहून राहिली, पन ते नाई फुटत. मीनं मुळात चुना घातला. सगळ्याच. मागं बी. ताईचं लेकरू माह्याच्यानं मरन."

बाबा माझ्या भाजलेल्या बोटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उपटाले तुले कोन सांगतलं होतं?"

"तुमी."

"मंग? एकटीच कायले रडतं?" त्यांनी खाकी शर्टाच्या बाहीने माझं नाक पुसलं. "चुन्याचं कोनाले सांगजो नको. मायले बी नाई. शकुनले तं बिलकुल नाई, तिच्या जिवाले आदीच घोर हाये. मी बी नाई सांगत." आणि उठून म्हणाले, "चाल. एवढ्यानं काय होते? एका टायमाची भाजी बी नाई होत."

दुसऱ्या शंटिंगमास्तराला काम सोपवून ते मला केबिनच्या मागे घेऊन गेले. तिथे इंजिनात पाणी भरायचा मोठा नळ होता. तो कायम गळायचा. त्या ओलीवर जी पाथरी होती, तशी मी आयुष्यात पुन्हा पाहिली नाही. ताटाएवढाली तिची चक्रं, कोवळीलूस पानं. शेजारी एक सपाट दगड होता, आणि दगडावर भाकरीचे चार कण. मी बघितलं, बाबांकडे बघितलं. बाबांनी मान दुसरीकडे वळवली.

"तुमी खाता?"

"मंग पिठल्यासंगं काय खाऊ, गिट्टी?"

"घरी तं म्हनता ढोराचं खानं..."

ते पानं तोडत होते. तोडता तोडताच बोलले, माझ्याकडे न बघता. त्यांच्या लहानपणी एका साली पाऊस झाला नाही. त्यांची आई सकाळी पाथरी शिजवायची, संध्याकाळी पाथरी शिजवायची, मीठ असलं तर मीठ घालून. दारासमोरची संपली की लोकांच्या दारासमोरची मागायला त्यांना पाठवायची. "तवा मीनं ठरवलं होतं, बेबे. माह्या दाराशी असं गवत पायजे, का जे कोनाले खा लागू नये." मग जरा थांबून म्हणाले, "पन खाल्ल्याबिगर बी नाई राह्यवत. तोंडाले सवय हाये ना." ते हसले. मीही नाक ओढत हसले. बाबांविषयी मला जे काही प्रेम आहे ते बहुतेक सगळं त्या नळाखालचं आहे.

त्या दिवशी बाबा डब्याच्या रुमालात पाथरी बांधून घरी आले. मायने रुमाल सोडून बघितला, बाबांकडे बघितलं आणि पानं धुवायला घेतली. फोडणीचा वास सुटला तेव्हा ताई आतून म्हणाली, "माय, पाथरी?" त्या आवाजात काय होतं ते मला लिहून सांगता येणार नाही. ताटात बाबांनी स्वतःहून पानं वाढून घेतली. माय म्हणाली, "आज साहेब कुठी गेले?" आणि ताई, जी आठ दिवस हसली नव्हती, ती ठसका लागेपर्यंत हसली.

दुसऱ्या दिवशी बाबा ड्यूटीवरून येताना घमेल्यात पाथरीची दहा-बारा रोपं मातीच्या गोळ्यासकट घेऊन आले. मला हाक मारली. लॉनच्या मधोमध, जिथे सगळ्यांत चांगली हरळी आली होती, तिथे त्यांनी फावड्याने चौकोन कापला, माझ्या चुन्याची माती हातभर खोल काढून फेकली, नवी माती घातली आणि दोघांनी मिळून पाथरी लावली. पाथरी, आणि ती माणसाने लावायची! माय पायरीवर उभी राहून म्हणाली, "अवो, चार दिवसांवर इन्स्पेक्शन आलं. शील्ड जाईन तुमचं." बाबा म्हणाले, "जाऊ दे. यार्डातून रोज आनाले मी काय जल्मभर राह्यतो?" मग उरलेल्या विटा आणून त्यांनी त्या चौकोनाला गुलाबाच्या वाफ्यासारखी तिरपी किनार केली आणि मला म्हणाले, "विटांले चुना लाव. पन विटांलेच लावजो."

साहेब आले ते मागे पंधरा माणसं घेऊन. आमच्या फाटकाशी थांबले, लॉनकडे बघून मान डोलावली, आणि मग मधला चौकोन दिसला. "ये क्या है? बीच में खरपतवार क्यों छोड़ा?" बाबा, जे साहेबांसमोर "जी सर" याच्या पलीकडे कधी बोलले नव्हते, सरळ उभे राहून म्हणाले, "सर, भाजी है. हमारी लड़की जच्चा है, उसके लिए." साहेब जरा गोंधळले, मग म्हणाले, "अच्छा, अच्छा," आणि पुढे गेले. शील्ड समोरच्या ओळीतल्या डेलियांना गेलं. चांगले होते ते डेलिया, उगीच खोटं कशाला बोलू. बाबांना यार्डातलं काम थांबवल्याचा लेखी जाब मात्र विचारला गेला. त्यांनी उत्तर दिलं की लाइनीवर जनावर आलं होतं. किती तरी वर्षं ते मला चिडवायचे, "सरकारी कागदावर ढोर लिवलेली पोट्टी हाये माह्यी."

नर्सने सांगितलेले आठ दिवस भरले तेव्हा तिने येऊन वजन केलं आणि तराजू खाली ठेवून तिने मायच्या पाठीवर थाप मारली. दूध उतरलं होतं. पाथरीने उतरलं का? मी पुढे तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, आणि हे वाक्य वर्गात छातीठोकपणे कधी उच्चारलं नाही. नर्सचं ऐकून ताईने पाजणं सोडलं नव्हतं, त्याने उतरलं असेल. ती हसली, पोटभर जेवली, त्याने उतरलं असेल. मला माहीत नाही. मला एवढं माहीत आहे की ज्या घरात चार दिवस सगळे कुजबुजत होते तिथे त्या लेकराने भोंगा पसरला तेव्हा बाबा पायरीवर बसून म्हणाले, "आयका, पाथऱ्या बोलून राहिला." बारशाला त्याचं नाव दिलीप ठेवलं, पण बाबांनी शेवटपर्यंत त्याला पाथऱ्याच म्हटलं. आणि शेवटपर्यंत चुन्याचं कोणाला सांगितलं नाही. मायला नाही, ताईला नाही. भांडणात नाही, मस्करीत नाही. माय गेली, बाबा गेले, ताईही गेली, आणि माझी ती गोष्ट पोटात ठेवून बाबांनी, आणि कळली असलीच तर कळूनही न बोलता माय-ताईने, मला सुखाने मोठं होऊ दिलं. हे उपकार मी कुठे फेडू?

मागच्या हिवाळ्यात दिलीप आला होता. आता तोही रिटायर होऊन बसलाय, पोट सुटलंय, गुडघे दुखतात. सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले तर तो माझ्या अंगणातल्या एवढ्याशा तुकड्यात खुरपी घेऊन बसलेला. "बेबीमावशी, किती गवत माजलं वो तुह्या इथं. थांब, मी साफ करून देतो." आणि त्याच्या डाव्या मुठीत पाथरीचं आख्खं चक्र, खुरपीचं टोक मुळाशी. माझ्या हातातला कप पायरीवर पडला. मी काय केलं ते मलाच कळलं नाही, दोन्ही हात डोक्यावर ताठ उभे केले. शेजारची बाई गच्चीवरून बघत राहिली. दिलीप खुरपी धरून तसाच थांबला. "काय झालं मावशी? साप हाये का?"

"नाई. मूठ सोड. बस इथं माह्यापाशी. तुले एक सांगाचं हाये."

मी सगळं सांगितलं, चुन्यापासून. त्याच्या आजीच्या चार सकाळी, माझं न बोलणं, सगळं. तो पाथऱ्या कसा झाला ते त्याला अर्धंच ठाऊक होतं. ऐकून झाल्यावर त्याने हातातली खुरपी पायरीवर ठेवली. मला वाटलं, बरं झालं, आता रागावू दे, साठ वर्षं उशिरा का होईना कोणीतरी रागावू दे. मग तो गुडघ्यावर हात देत उठला, त्या पाथरीशी परत जाऊन बसला, सैल झालेली माती बोटांनी मुळाशी दाबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,

"मावशी, पानी कुठी हाये?"